शकुंतलेचे रूळ पुढे कुठे जातात?

मुंबई–हावडा लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये मूर्तिजापूर जंक्शन लागते. ब्रॉडगेजच्या गाडीतून पुढे जाणाऱ्याला ते इतर स्थानकांसारखेच दिसते. पण याच स्थानकातून नॅरोगेजचे दोन फाटे निघतात. एक फाटा आग्नेयेकडे कारंजा, दारव्हा ही गावे घेत सुमारे ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला जातो, तर दुसरा उत्तरेकडे दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट अशी गावे घेत सुमारे ७६ किलोमीटरवरच्या अचलपूरला पोहोचतो. दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडात या दोन्ही फाट्यांना मिळून एकच नाव आहे, ते म्हणजे ‘शकुंतला’.

या दोन्ही फाट्यांवर सध्या गाडी धावत नाही. यवतमाळची गाडी आधी थांबली; अचलपूरची गाडी मध्येच बंद पडत आणि लोकांच्या मागणीवरून पुन्हा सुरू होत आणखी काही वर्षे चालली आणि २०२०च्या सुमारास तीही थांबली. दरम्यान २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची आणि त्यासाठी सुमारे १,५०० कोटी रुपये खर्चण्याची घोषणा झाली होती. ‘शकुंतला पुन्हा सुरू करा’ ही मागणी आजही होते, आणि तिच्यामागची भावना खरी आहे. मात्र या मागणीत निदान तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र गुंतलेले असतात: जुनी छोटी गाडी पुन्हा धावावी का, त्याच वाटेवर मोठा मार्ग व्हावा का, आणि तो दोन्ही फाट्यांवर व्हावा की एकाच. त्यांची उत्तरे एक नाहीत. ती वेगळी का आहेत हे समजण्यासाठी हा मार्ग मुळात कशासाठी बांधला गेला, येथून सुरुवात करावी लागते.

कापसासाठी टाकलेली वाट

किलिक निक्सन या मुंबईतील व्यापारी पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि तिच्यामार्फत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात हे रूळ पडले. गाड्या चालवण्याचे काम मात्र त्या वेळच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वसूरीकडे होते. उद्देश एकच होता. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातील कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तेथून तो मोठ्या मार्गाने मुंबई बंदरात न्यायचा आणि पुढे जहाजाने मँचेस्टरच्या गिरण्यांना पोहोचवायचा.

या उद्देशाचा परिणाम नकाशावर आजही दिसतो. हा मार्ग नरसाळ्यासारखा आहे: माल ओतायला अनेक गावे, बाहेर पडायला मूर्तिजापूरचे एकच तोंड. यवतमाळला रूळ संपत आणि अचलपूरलाही संपत. यवतमाळहून नांदेडला, किंवा अचलपूरहून नागपूरला थेट रेल्वेने जाता यावे, असा विचार या आखणीत कधी नव्हताच, कारण कापसाला नांदेडला जायचे नव्हते. माणसे या गाडीत बसली, लग्नकार्याला गेली, शाळा-कॉलेजला गेली आणि तिला आपली मानू लागली ती नंतर. बांधणाऱ्यांच्या लेखी ती जोडकमाई होती.

अशा मार्गाची मुख्य अडचण मूर्तिजापूरच्या यार्डात होती. कापसाची दाबलेली गाठ आजच्या मापाने १७० किलोची असते. ती एकट्या माणसाला उचलत नाही. दोघे-तिघे हमाल हूक लावून ती लोळवत नेतात. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली गाठ बैलगाडीत चढायची, स्थानकावर उतरायची, छोट्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढायची, मूर्तिजापूरला उतरायची आणि पुन्हा मोठ्या वाघिणीत चढायची, कारण अडीच फुटी रुळावरची वाघीण साडेपाच फुटी रुळावर जाऊ शकत नाही. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर ही दुहेरी हमाली परवडत होती. ट्रक आल्यावर गणितच बदलले, कारण ट्रक प्रेसच्या दारात भरतो आणि गिरणीच्या किंवा बंदराच्या दारात रिकामा होतो. छोट्या गेजवरचा माल संपला तो मुख्यतः या चढउतारीमुळे. वेगाचा किंवा भाड्याचा मुद्दा त्यानंतर येतो.

भारतीय रेल्वेने १९९२ साली ‘युनिगेज’ हे धोरण हाती घेतले, म्हणजे शक्य तेथे देशभर १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेजच ठेवायची असे ठरवले, त्यामागे हेच कारण होते. जेथे गेज बदलते तेथे माल आणि प्रवासी दोघेही खाली उतरतात, आणि उतरलेला माणूस पुन्हा चढेलच याची खात्री नसते.

मालक एक, चालवणारा दुसरा

शकुंतलेविषयी सर्वाधिक फिरणारी गोष्ट म्हणजे ‘ही रेल्वे अजूनही इंग्रजांच्या मालकीची आहे’. ती जशीच्या तशी घेण्यासारखी नाही. देशातील रेल्वे स्वातंत्र्यानंतर सरकारी छत्राखाली आल्या तेव्हा हा मार्ग मात्र कंपनीच्याच नावावर राहिला आणि तो वापरण्याबद्दल रेल्वे त्या कंपनीला मोबदला देत राहिली, एवढा भाग खरा आहे. परंतु किलिक निक्सन ही पेढी पुढे भारतीयांच्याच हाती आली होती. तेव्हा प्रश्न इंग्रजांचा नव्हता. प्रश्न मालकी आणि चालवणे या दोन गोष्टी दोन वेगळ्या हातांत असण्याचा होता.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हे चटकन समजेल. छत गळू लागले की घरमालक म्हणतो, राहणारे तुम्ही, तुम्हीच दुरुस्त करा. आणि भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी खर्च का करू? शेवटी छताखाली बादली ठेवून दोघेही पावसाळा काढतात. शकुंतलेच्या बाबतीत रूळ, स्लीपर, पूल, सिग्नल यांत मोठी गुंतवणूक करण्याची निकड कोणालाच वाटली नाही, यात नवल नाही. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षे, हीच गाडी ओढत होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये ते काढून डिझेल इंजिन लावण्यात आले. या गोष्टीकडे आपण कौतुकाने पाहतो, आणि त्या इंजिनाचे कौतुक करावेच. पण एखाद्या मार्गावर सत्तर वर्षे इंजिन बदलले जात नाही, याचा दुसरा अर्थ तेथे पैसा येणे कधीच थांबले होते असाही होतो.

रुळांखालची स्थितीही वेगळी नव्हती. वऱ्हाडातील काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच लोहमार्गाला जड जाते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, आणि या वर-खाली होण्यात रुळांची पातळी बिघडते. त्यावर उपाय म्हणजे मुरमाचा जाड थर, त्यावर पुरेशी खडी आणि सतत देखभाल करणारी गँग. यांतले काही कमी पडले की अभियंत्याच्या हाती एकच सुरक्षित मार्ग उरतो, तो म्हणजे गाडीचा वेग उतरवणे. वेग एकदा उतरवला की तो पुन्हा चढवण्यासाठी पैसे लागतात. आणि ते मिळत नसल्यामुळेच तर तो उतरवलेला असतो.

रिकामी गाडी कशामुळे रिकामी असते

कमी वापराच्या कोणत्याही रेल्वेमार्गाबद्दल पहिला युक्तिवाद हाच येतो की, गाडीत माणसेच नसतात, मग ती चालवायची कशाला? या युक्तिवादाकडे थोडे जवळून पाहू.

शेवटच्या काळात शकुंतलेच्या दोन्ही फाट्यांचा मिळून सुमारे १९० किलोमीटरचा प्रवास करायला वीसेक तास लागत, असे सांगितले जाते. सरासरी काढली तर ती ताशी दहा किलोमीटरही भरत नाही. सायकलवाला यापेक्षा लवकर पोहोचेल. गाडीबरोबरचे सातेक कर्मचारीच सगळी कामे करत. रस्ता आडवा आला की गाडी फाटकाअलीकडे उभी राहायची, एक जण खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडायचा आणि चालत येऊन गाडीत चढायचा. तिकिटे देणारे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडणारे हातही तेच. आता कल्पना करा की दर्यापूरच्या एका माणसाला मूर्तिजापूरहून मुंबईची गाडी पकडायची आहे. शकुंतला दिवसातून एकदा येणार, ती किती वाजता पोहोचेल हे सांगता येणार नाही, आणि पोहोचली तरी पुढच्या गाडीशी तिची वेळ जुळेलच असे नाही. एसटीने तोच प्रवास कमी वेळात होतो आणि एक बस चुकली तर दुसरी असते. असा माणूस शकुंतलेत बसला नाही, यावरून त्याला रेल्वे नको होती असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याला ती गाडी नको होती, एवढेच त्यातून कळते.

जगभर अनेक फाटे याच क्रमाने बंद पडले आहेत. मार्गाची दुरुस्ती टळते, म्हणून वेग उतरतो, वेग उतरल्याने फेऱ्या कमी होतात, कारण तीच गाडी दिवसात कमी खेपा करू शकते, फेऱ्या कमी झाल्याने रोज ये-जा करणारे प्रवासी तुटतात, उत्पन्न घटते, आणि घटलेल्या उत्पन्नाकडे बोट दाखवून पुढची दुरुस्तीही टाळली जाते. या चक्राच्या अखेरीस प्रवासी मोजायला कोणी आले तर त्याच्या हाती पडणारा आकडा खरा असला तरी निरुपयोगी असतो, कारण तो मागणीबद्दल काहीच सांगत नाही.

हिशेबातील आणखी एक गोष्ट सहसा सुटते. रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापलेली अनेकांनी पाहिली असेल: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वे वसूल करते. म्हणजे प्रवासी गाडी ही बहुतेक ठिकाणी तोट्यातच असते आणि तो तोटा मालवाहतुकीतून भरून काढला जातो. तेव्हा निव्वळ ‘तोटा’ हा बंद करण्याचा निकष मानला तर फाटेच काय, बऱ्याच मोठ्या मार्गांवरच्या पॅसेंजर गाड्याही उरणार नाहीत. शिवाय फाट्याचे उत्पन्न मोजताना एक चकवा असतो. अचलपूरहून मुंबईला जाणारा प्रवासी धरा. त्याच्या प्रवासातील ७६ किलोमीटर फाट्यावरचे आणि सहाशेहून अधिक किलोमीटर मुख्य मार्गावरचे. अंतराच्या प्रमाणात उत्पन्न वाटले तर फाट्याच्या पदरी जेमतेम नववा हिस्सा पडतो आणि उरलेले मुख्य मार्गाच्या खात्यात जाते. फाटा बंद झाल्यावर तो प्रवासी एसटीने मूर्तिजापूरला येऊन रेल्वेत बसला, तर रेल्वेचे फारसे बिघडत नाही. पण एकदा बसमध्ये बसलेला माणूस थेट मुंबईच्याच खासगी बसमध्ये बसला, तर रेल्वे नववा हिस्सा नव्हे, सगळेच तिकीट गमावते.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे चक्र उलटे फिरवण्यासाठी जुनी अडीच फुटी गाडी होती तशी पुन्हा सुरू करावी, असे मला वाटत नाही. ताशी दहा किलोमीटरची गाडी पर्यटकांना आवडेल, पण माथेरानच्या छोट्या गाडीला डोंगर आहे, वळणावळणाचा घाट आहे आणि वर मोटारींना बंदी असलेले गाव आहे. कारंजा–दारव्ह्याच्या सपाट शिवारातून चार-पाच तास बसून जायला मुद्दाम कोण किती दिवस येईल? एखादा छोटा तुकडा वारसा म्हणून जपणे, एखाद्या जुन्या स्थानकात संग्रहालय करणे योग्यच आहे. तो वाहतुकीच्या प्रश्नाला पर्याय होत नाही, एवढेच.

‘ब्रॉडगेज करणे’ म्हणजे नेमके काय

गेज रूपांतर म्हटले की आहे त्याच वाटेवर रूळ थोडे लांब सरकवायचे असे चित्र डोळ्यांपुढे येते. वास्तवात जुन्या मार्गापैकी फारच थोडे उपयोगी पडते.

नॅरोगेज स्वस्त पडते ती प्रामुख्याने तिच्या वळणांमुळे. अडीच फुटी गाडी अगदी आवळ वळण घेऊ शकते, त्यामुळे टेकाड आले की त्याला वळसा घालता येतो आणि भराव किंवा खोदाई वाचते. ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी ठेवता येत नाही आणि चांगला वेग हवा असेल तर ती याच्या अनेक पट लागते. म्हणून जुन्या वाटेतील बरीच वळणे सरळ करावी लागतात, आणि सरळ करायची म्हणजे शेजारची शेतजमीन संपादित करावी लागते. नाल्यांवरचे पूल हलक्या वाघिणींच्या भारासाठी बांधलेले असतात. आजच्या मालगाडीच्या एका आसावर वीस-पंचवीस टन भार येतो, तो त्यांना पेलणार नाही. रस्ता जेथे जेथे आडवा येतो तेथे आता फाटकाऐवजी भुयारी रस्ता किंवा उड्डाणपूल बांधावा लागतो. काळ्या मातीवर मुरमाचा थर, त्यावर खडी, सिमेंटचे स्लीपर, विजेच्या तारा, नवी सिग्नल यंत्रणा हे सगळे त्यावर. थोडक्यात, नाव रूपांतराचे असले तरी काम जवळजवळ नव्या मार्गाचेच असते. जुन्यातून हाती येते ती मुख्यतः जमिनीची पट्टी.

खर्चाचा अंदाज यावरून बांधता येईल. शकुंतलेसाठी २०१६ साली सांगितलेले १,५०० कोटी रुपये १९० किलोमीटरने भागले तर किलोमीटरला आठ कोटींच्या आसपास पडतात. त्यानंतर काही वर्षांनी खानदेशातील पाचोरा–जामनेर या दुसऱ्या नॅरोगेज मार्गाचे रूपांतर आणि बोदवडपर्यंत विस्तार असा ८४ किलोमीटरचा प्रकल्प ९५५ कोटी रुपयांचा धरला गेला. म्हणजे किलोमीटरला अकरा कोटींहून अधिक. त्या दराने शकुंतलेचा आकडा दोन हजार कोटींच्या पुढे जातो. हा माझा ढोबळ भागाकार आहे, पण २०१६चा आकडा आता कालबाह्य झाला आहे हे समजायला तो पुरेसा आहे.

पाचोरा–जामनेरच्या या प्रकल्पातच एक महत्त्वाची गोष्ट लपलेली आहे. जुनी गाडी पाचोऱ्याहून ५६ किलोमीटरवर जामनेरला जाऊन थांबत असे. २०२०च्या टाळेबंदीत ती बंद पडली. नव्या आखणीत मार्ग जामनेरला थांबत नाही. तो पुढे बोदवडला, म्हणजे भुसावळच्या पूर्वेला पुन्हा मुख्य मार्गाला जाऊन मिळतो. ज्याने कोणी हे ठरवले त्याने जामनेरच्या प्रवाशांइतकाच, कदाचित त्याहून जास्त, बोदवडचा विचार केला असावा. कारण शेवट बंद असलेल्या मार्गावर फक्त त्या गावांचीच वाहतूक येते; दोन्ही टोके मोकळी असली की जिचा त्या गावांशी काही संबंध नाही अशी वाहतूकही त्यावरून जाऊ लागते आणि मार्गाचा खर्च ती उचलते.

बार्शी लाइटने काय केले

याचे महाराष्ट्रातील सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेला हा मार्गही ७६२ मिलिमीटरचाच. १८९७ साली तो बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा छोट्या अंतराचा होता. हलके रूळ, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, असा सगळा हिशेब. सुरुवातीला तोही शकुंतलेसारखाच मुख्य मार्गाला माल आणून देणारा फाटा होता. पण तो वाढत गेला: पंढरपूरला पोहोचला, दुसऱ्या बाजूने लातूरला पोहोचला आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेला. सुमारे सव्वातीनशे किलोमीटर लांबीचा, मध्ये कुर्डुवाडीला मुंबई–सोलापूर मार्ग छेदणारा आणि पश्चिमेला मिरजेत पुणे–कोल्हापूर मार्गाला भिडणारा हा पट्टा झाला.

२०००नंतरच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. त्या वेळी जुनी वाट सर्वत्र तशीच ठेवली नाही. जुन्या मार्गापासून बाजूला राहिलेले धाराशिव शहर रेल्वेवर यावे म्हणून तेथे मार्ग वाकवला गेला. आज मुंबई–लातूर गाडी याच वाटेने जाते आणि आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्याही येथूनच धावतात.

आणि २०१६चा तो एप्रिल महिना. लातूर शहराचे पाणी आटले होते. मिरजेहून पाण्याच्या गाडीने, प्रत्येकी ५० हजार लिटरच्या दहा टँकर वाघिणी घेऊन, म्हणजे पाच लाख लिटर पाणी घेऊन, सुमारे ३४२ किलोमीटरचा प्रवास केला आणि ती लातूरला पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला २५ लाख लिटरच्या. मिरज–कुर्डुवाडी–लातूर हा मार्ग ब्रॉडगेज झाला नसता तर त्या वाघिणी या वाटेने लातूरला जाऊच शकल्या नसत्या. रूपांतराचा प्रस्ताव तपासणाऱ्या कोणत्याही कागदावर ‘दुष्काळात पाणी’ असा रकाना असेल असे मला वाटत नाही. पण दोन्ही टोकांनी जोडलेला मार्ग अशा न मोजलेल्या कामांना उपयोगी पडतो, आणि टोकाला बंद असलेला मार्ग पडत नाही.

एक नाव, दोन उत्तरे

आता शकुंतलेकडे परत येऊ. बार्शीची कसोटी तिच्या दोन फाट्यांना लावली तर उत्तरे वेगवेगळी निघतात.

यवतमाळच्या बाजूचे टोक आता बंद राहणार नाही. वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज मार्ग बांधला जात आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि पुढचे काम चालू आहे. हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असा नांदेडकडे उतरतो. याचा अर्थ असा की शकुंतलेचा यवतमाळ–दारव्हा हा तुकडा वेगळा ब्रॉडगेज करण्याची गरजच उरत नाही. ती गावे नव्या मार्गावर येतातच. प्रश्न उरतो तो दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर एवढाच. आणि हा तुकडा झाला तर तो मुंबई–हावडा मार्गाला वर्धा–नांदेड मार्गाशी जोडेल. दारव्हा, दिग्रस, पुसदच्या माणसाला अकोला-मुंबईकडे जाण्यासाठी वर्ध्याचा उलटा वळसा घ्यावा लागणार नाही.

त्याविरुद्धचा युक्तिवादही तेवढाच दमदार आहे आणि तो कारंज्यातच उभा आहे. समृद्धी महामार्ग कारंजा लाडजवळून जातो आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूला शेवटपर्यंत खुला झाला आहे. कापसाचा, सोयाबीनचा ट्रक तेथून काही तासांत मुंबईकडे निघू शकतो. रेल्वेला या मालातील मोठा वाटा परत मिळवायचा असेल तर कारंज्याला रूळ टाकून भागणार नाही. तेथे मालधक्का, गोदाम आणि वाघिणी वेळेवर देण्याची हमी लागेल. ही हमी नसलेल्या ब्रॉडगेज स्थानकांचे मालधक्के गवताने भरलेले आपण पाहतोच.

अचलपूरच्या बाजूची स्थिती याहून अवघड आहे. उत्तरेला सातपुडा आणि मेळघाट असल्याने मार्ग तिकडे वाढवण्याचा विचार व्यवहार्य नाही. तेव्हा मूर्तिजापूर–अचलपूर ब्रॉडगेज झाला तरी तो शेवट बंद असलेला फाटाच राहील, आणि अशा मार्गाचा हिशेब फक्त दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर-परतवाडा यांच्याच वाहतुकीवर मांडावा लागेल. माझ्या मते येथे पाहायचे ते पूर्वेकडे. नरखेड–अमरावती हा ब्रॉडगेज मार्ग वरुड, मोर्शी आणि चांदूरबाजार या गावांतून जातो आणि नरखेडला नागपूर–इटारसी मार्गाला, म्हणजे दिल्लीच्या वाटेला मिळतो. त्या मार्गावरील वरुडच्या स्थानकाचे नावच ‘वरुड ऑरेंज सिटी’ आहे. चांदूरबाजार अचलपूरपासून फार दूर नाही. अचलपूर–चांदूरबाजार जोडले गेले तर मूर्तिजापूरहून येणारी गाडी अचलपूरला न थांबता उत्तरेकडच्या मार्गाला लागू शकेल, आणि अंजनगावच्या केळीला व अचलपूर भागातील संत्र्याला मुंबई आणि दिल्ली अशा दोन्ही दिशा मोकळ्या होतील. ‘अचलपूरची गाडी पुन्हा सुरू करा’ या मागणीपेक्षा ‘अचलपूर–चांदूरबाजार जोडा’ ही मागणी कमी भावनिक आहे, पण कागदावर ती अधिक टिकेल.

घोषणा कशी वाचायची

रेल्वेमार्गाच्या बातम्यांत ‘मंजुरी’ हा शब्द इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी येतो की वाचणारा गोंधळतो. आधी प्राथमिक सर्वेक्षणाला मंजुरी मिळते. त्यात वाहतुकीचा अंदाज आणि ढोबळ खर्च येतो. नंतर अंतिम स्थाननिश्चिती सर्वेक्षण होते, म्हणजे मार्ग नेमका कोणत्या गटातून जाणार हे जमिनीवर ठरते. त्यावरून सविस्तर प्रकल्प अहवाल बनतो. मग त्या प्रकल्पाला मंजुरी, मग भूसंपादन, मग निविदा. पहिल्या पायरीची बातमी आणि शेवटच्या पायरीची बातमी वर्तमानपत्रात जवळजवळ सारख्याच मथळ्याने येते. दर अर्थसंकल्पानंतर निघणाऱ्या ‘पिंक बुक’मध्ये प्रकल्पाच्या नावासमोर त्या वर्षीची तरतूद दिलेली असते, ती हजार रुपये असेल तर प्रकल्प केवळ नावापुरता जिवंत ठेवला आहे असे समजावे.

वेळेचा अंदाज हवा असेल तर अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग पाहावा. त्याला १९९५च्या सुमारास मंजुरी मिळाली, राज्याने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले, आणि तरीही बीड शहरात पहिली गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे. त्यातील बराच काळ जमिनी आणि तरतूद यांत गेला.

म्हणूनच बंद पडलेल्या फाट्याच्या बाबतीत सर्वांत तातडीची गोष्ट गाडी सुरू करणे ही नसून जमिनीची पट्टी अखंड राखणे ही आहे. रूळ गंजले तर फारसे बिघडत नाही, ते तसेही बदलायचेच असतात. पण स्थानकाच्या आवारात दुकाने उभी राहिली, कारंजा किंवा अंजनगावच्या वस्तीजवळ पट्टीवर घरे झाली, कोठे ती रस्त्यात मिसळली, की पुढे ती परत मिळवण्याचा खर्च आणि वेळ नव्या भूसंपादनापेक्षा कमी नसतो. मोजणी करून हद्दीचे दगड रोवणे हे काम स्वस्त आहे आणि त्यासाठी कोणत्याही प्रकल्प मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

दारव्हा–मूर्तिजापूर तुकड्याबाबत आणखी एक सोय काळच करून देणार आहे. वर्धा–नांदेड मार्गावर दारव्ह्याला ब्रॉडगेजची गाडी येऊ लागली की तेथे उतरून एसटीने, जीपने किंवा दुचाकीने कारंजा-मूर्तिजापूरकडे किती माणसे जातात आणि तिकडून किती येतात, हे स्थानकाबाहेर उभे राहून मोजता येईल. शकुंतलेच्या डब्यात कधी मोजता आला नाही असा तो आकडा असेल.